नेस्टर वकील स्वतःच्या विरुद्ध जिंकला तेव्हा

नेस्टर दुगा खटल्याच्या दिवशी एका जुनाट ट्रकमधून कोर्टात यायचा. ट्रकचा एक दरवाजा दोरीने बांधलेला असे. त्याची चांगली, लांबलचक काळी गाडी त्या दिवशी पशुखाद्याच्या दुकानामागे उभी असायची. ज्यूरीवर बसलेल्या बाया-माणसांना वकील आपल्यातलाच वाटला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. गाडी दुकानामागे असते, हे अख्ख्या सेंट ओदील गावाला माहीत होतं. एकदा तर त्या दुकानाचा मालकच ज्यूरीवर होता. त्याने सकाळी पोती बाजूला सरकवून नेस्टरच्या गाडीला जागा करून दिली आणि तासाभराने ज्यूरीच्या बाकावर बसून खिडकीतून त्या ट्रककडे पाहत हळहळून मान हलवली.

आमच्या गावाचं नेस्टरवर प्रेम होतं ते असं. तो आम्हाला फसवतोय असं त्याला वाटायचं आणि आम्ही त्याला तसं वाटू द्यायचो.

त्याचे वडील गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचे. लंगडी गाय असली तर आधी तिचा लंगडा पायच लोकांना दाखवायचे, मग बाकीच्या तीन पायांचं कौतुक सुरू करायचे. नेस्टरने बापाचा आवाज घेतला, हातवारे घेतले, पण तो लंगडा पाय दाखवायचं काही उचललं नाही. वकिली शिकून तो गावात परत आला आणि कोर्टासमोर, बूदँ विकणाऱ्या क्लोव्हिसच्या माडीवर त्याने पाटी लावली. खालून डुकराच्या मांसाच्या त्या सॉसेजचा वास वर येत असे, त्यामुळे अशील कितीही दुःखी असला तरी त्याला भूक लागायचीच. नेस्टर फक्त इजा झालेल्यांचे खटले घ्यायचा. जिंकला तर मोबदला, हरला तर एक पैसाही नाही.

त्याच्या तयारीची पद्धत मात्र मानण्यासारखी होती. कागदपत्रांना हात लावण्याआधी तो अशिलाच्या घरी जाऊन राहायचा. त्यांच्या टेबलावर जेवायचा, त्यांच्या पायऱ्या चढायचा, त्यांच्या कुत्र्याच्या शिव्या खायचा. कोळंबी पकडणाऱ्या एका माणसाची पाठ मोडली होती, तर नेस्टर त्याच्या भावाच्या बोटीवर गेला आणि आखाताच्या पाण्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओकत राहिला. "आता मला कळलं, त्याची पाठ काय सोसत होती ते," असं तो परत आल्यावर म्हणाला. "तुला फक्त त्याचं पोट कळलं," असं त्याची बायको ओदाली म्हणाली.

ओदालीचं आणि माझं परसातलं कुंपण एकच. त्यामुळे पुढची हकिगत मी अर्धी त्या कुंपणावरून पाहिली आहे आणि अर्धी तिच्या स्वयंपाकघरात.

खटला उभा राहायच्या आधी नेस्टर आपल्या घरी एक खोटी ज्यूरी बसवायचा. शेजारपाजारचे आम्ही काही जण त्याच्या मोठ्या खोलीत गोल बसायचो. तो उभा राहून अशिलाची बाजू मांडायचा, मग कंपनीची बाजू भराभर वाचून टाकायचा आणि आम्ही मत द्यायचो. कुठे जांभई आली, कुठे डोळे पाणावले, सगळं तो टिपून घ्यायचा. त्यानंतर ओदाली गम्बो वाढायची. हा रस्सा काळपट, दाट, भेंडीने चिकट झालेला असे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यात मांसाऐवजी कोळंबी. असा गम्बो मी माझ्या आईच्या हातचासुद्धा खाल्लेला नाही, आणि आईला वर हे ऐकू गेलं तर जाऊ दे.

नेस्टर आमच्यापुढे कधीही हरला नव्हता. आणि खऱ्या कोर्टात लागोपाठ हरत चालला होता.

"ही ज्यूरी मला जिंकवते आणि ती ज्यूरी मला झोपवते, असं का?" तो एकदा ओदालीला विचारत होता.

"कारण ही ज्यूरी स्वयंपाकघराकडे तोंड करून बसते," ओदाली म्हणाली. "लोक तुझ्या बाजूने मत देत नाहीत, नेस्टर. ते माझ्या पातेल्याच्या बाजूने देतात. तू खुनी माणसाची वकिली केलीस तरी क्लोव्हिस रडेल."

"म्हणजे माझ्या बोलण्यात काही नाही?"

"आहे ना. पण ते ऐकायला आधी कुणीतरी तुझ्या विरुद्ध असायला हवं. या गावात तुझ्या विरुद्ध कोण आहे, मी सोडून?"

त्याच सुमारास एल्फेज विद्रीनचा खटला आला.

एल्फेज आमचा न्हावी. त्याच्या वस्तऱ्याखाली माणसं घोरायची, इतका हलका हात. बाहेरगावच्या एका मोठ्या साखळी-दुकानाने गावाच्या वेशीवर शाखा उघडली होती. तिथे एल्फेज खिळे घ्यायला गेला आणि वरच्या फळीवरची रंगाच्या डब्यांची चळत त्याच्या मानेवर-खांद्यावर कोसळली. हाड मोडलं नाही. पण मानेतली कुठलीशी शीर दुखावली आणि उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हा हात आता ओझं उचलेल, दार उघडेल, पण बारीक काम करणार नाही. वस्तरा धरणं यापेक्षा बारीक काम ते कोणतं? त्याच्या दुकानाला कुलूप लागलं.

कंपनीच्या डॉक्टरला मात्र काहीच सापडलं नाही. आणि गावालाही. कारण एल्फेज तो हात सदा पँटच्या खिशात घालून हिंडायचा. विचारलं तर म्हणायचा, "बरं आहे." मग लोक बोलू लागले. बरं आहे तर कोर्टात कशाला? दुकानात डोक्यावर काहीतरी पाडून घ्यायचं आणि कंपनीला नागवायचं, असे दोन-तीन इरसाल नमुने आमच्या परगण्यात होऊन गेले होते. एल्फेजला त्यांच्या रांगेत बसवलं गेलं. तो नेस्टरला म्हणाला होता, "पैसे मिळोत न मिळोत. बारा माणसांनी उभं राहून सांगावं की मी सोंग करत नाही. मला याच गावात मरायचंय."

कंपनीच्या वकिलाने एक फोटो पाठवला होता. पाळत ठेवणाऱ्या माणसाने बंद दुकानाच्या खिडकीतून काढलेला. त्यात एल्फेजच्या हातात वस्तरा होता आणि खुर्चीत नॉन्क ओनेसिम होते. नॉन्क म्हणजे काका. गावातल्या सगळ्यांचेच ते काका. एल्फेजचे जन्माचे दोस्त.

"हे काय आहे?" नेस्टरने विचारलं होतं.

"त्या फोटोचं मला विचारू नकोस," एल्फेजने सांगितलं.

नेस्टरने विचारलं नाही. हाच त्याचा दोष. लंगडा पाय गवतात लपवायचा आणि गिऱ्हाइकाने खाली पाहू नये म्हणून प्रार्थना करायची.

यावेळी खोट्या ज्यूरीच्या आदल्या दिवशी ओदालीने त्याला गाठलं. "उद्या तू कंपनीचा वकील हो. एल्फेजच्या बाजूने मी बोलते."

"तू?"

"शाळेत सिस्टर क्लोटिल्डने मला वक्तृत्वाचं पदक दिलंय. विचार हिला." ही म्हणजे मी. मी कुंपणाच्या या बाजूला वाटाणे सोलत होते. पदक दिलं होतं, पण पाठांतराचं. मी मान हलवली.

शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना आटोपून आम्ही तडक नेस्टरच्या घरी जमलो. एल्फेजला ओदालीने मुद्दाम स्वयंपाकघरात बसवलं होतं. त्याने आपल्या खटल्याचा वास तरी घ्यावा, असं ती म्हणाली. दार लोटलेलं. आत तो आहे हे घरच्या दोघांना आणि मला माहीत होतं, बाकी कुणाला नाही.

ओदाली बोलली. बरी बोलली. मधेच तिला चूल आठवली आणि ती म्हणाली, "तर असा हा बिचारा एल्फेज, थांबा, खाली लागतंय." परत आली तेव्हा मुद्दा हरवला होता.

मग नेस्टर उठला. सुरुवातीला तो लाजत होता, उगीच हसत होता. पण नेस्टरला हरणं कधी सोसलं नाही, मग ते स्वतःकडून का असेना. दोन वाक्यांत त्याला रंग चढला. त्याने फोटो सगळ्यांच्या हातात फिरवला. "मित्रहो, मला एल्फेज आवडतो. तुम्हालाही आवडतो. पण मला एवढंच सांगा, या माणसाचा तो थरथरणारा हात तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय?" तो थांबला. एकही हात वर आला नाही. "मीही नाही," तो म्हणाला. "त्याचा वकील असून."

आणि मग धरण फुटलं.

"मार्डी ग्राच्या सणाला तो नाचत होता," चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी अर्लिन म्हणाली. "पायाने नाचतात हे मला कळतं. पण तरी."

"बर्फाची पेटी उचलताना मी पाहिलाय," क्लोव्हिस म्हणाला. "भरलेली. त्यात माझंच बूदँ होतं."

"आणि शनिवारी? शनिवारी दर आठवड्याला नॉन्क ओनेसिम त्याच्याकडून दाढी करून घेतात! मागच्या दाराने जातात. मी गल्लीतच राहते."

"आमच्यासाठी हात थरथरतो, ओनेसिमसाठी नाही?"

"कंपनीकडून काढतोय तर काढू दे बिचारा," क्लोव्हिस उदारपणे म्हणाला. "पण खरं विचारशील तर, नेस्टर, सोंग आहे."

मत घेतलं. एक मी सोडून सगळे कंपनीच्या बाजूने. आणि गंमत पाहा, सगळ्यांच्या चेहऱ्यावर नेस्टरला खूश केल्याचा आनंद. तो कंपनीकडून बोलला ना, मग कंपनीला मत. काय वाटेल ते झालं तरी आमचा नेस्टर हरता कामा नये! टाळ्याही पडल्या. नेस्टरने, माझा विश्वास बसेना, वाकून त्या स्वीकारल्या. मग त्याचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलं आणि त्याचा चेहरा उतरला.

मंडळी जेवून, ओठ पुसून गेली. मी ताटं धुवायला थांबले. दार उघडून एल्फेज बाहेर आला. हात खिशात.

"छान बोललास," तो म्हणाला. "मला स्वतःलासुद्धा पटलं."

"एल्फेज, तो फक्त सराव होता रे."

"माझ्या गिऱ्हाइकांसमोर मला चोर ठरवलंस. ज्यांच्या माना मी इतकी वर्षं हातात धरल्या, त्यांच्यासमोर! जाऊ दे. मिटवून टाक खटला. कंपनीला कळव."

"फोटोचं काय ते सांग," ओदाली म्हणाली. तिने हातातला डाव खाली ठेवला नव्हता. "नेस्टर विचारत नाही, मी विचारते. शनिवारी करतोस ना ओनेसिमची दाढी?"

"करतो."

"मग?"

"मग काय! कापतो त्याला!" एल्फेज इतक्या मोठ्याने ओरडला की बाहेर कुत्रा भुंकला. "दर शनिवारी कापतो. दोन ठिकाणी, तीन ठिकाणी. तो येऊन बसतो. मी म्हणतो, ऊठ, जा. तो म्हणतो, दुसऱ्या कुणाचा हात मी गळ्याला लावून घेणार नाही. कागदाचे कपटे चिकटवून घरी जातो आणि लोकांना सांगतो, मांजराने ओरबाडलं. आता कळलं? हे कोर्टात सांगू? सोंगाड्या म्हणून मरू की गिऱ्हाइकाचं रक्त काढणारा न्हावी म्हणून, एवढंच मला निवडायचंय."

 नॉन्क ओनेसिमचं ते मांजर आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. पाहिलं मात्र कुणी नव्हतं. त्यांच्या घरी शिकारी कुत्रे होते, आणि तिथे मांजर एक दुपारसुद्धा टिकलं नसतं. हा विचार गावात कुणालाच कसा सुचला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

नेस्टरने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली, उजेडाकडे तोंड करून बसला आणि गळ्याभोवती ताटं पुसायचं फडकं बांधलं. "माझी दाढी कर."

"वेडा आहेस का?"

"मी कोळंबीच्या बोटीवर ओकलोय. तुझ्यासाठी अजून काही केलेलं नाही. कर."

"जीभ तेवढी ठेव त्याची," ओदाली म्हणाली, "नाहीतर आपण जेवायचं कशावर?"

एल्फेजने नेस्टरचाच वस्तरा घेतला. हात खिशाबाहेर आला तेव्हा मी पहिल्यांदा तो नीट पाहिला. मोकळा असताना तो शांत होता. पण वस्तरा गालाजवळ आला, एल्फेजने श्वास धरला, आणि मनगटापासून बोटांपर्यंत ती थरथर अशी उतरली, जसा झाकणाखाली वाफेचा जोर. नेस्टरने डोळे मिटले नाहीत. हनुवटीखाली एक, कानाजवळ एक, गालावर एक लांबडा. ओदालीने फडक्याने टिपलं आणि त्याच्यावर कागदाचे कपटे लावले.

"आता," नेस्टर ओठ न हलवता म्हणाला, "मला तुझा खटला कळला."

एल्फेज खाली बसला. वस्तरा मिटून टेबलावर ठेवला. "ओनेसिम कबूल झाला तर," तो शेवटी म्हणाला. "तो हो म्हणाला तरच."

नॉन्क ओनेसिम अर्थातच कबूल होईनात. "कोण म्हणतो एल्फेजने कापलं? मांजर आहे माझं," ते नेस्टरच्या कपट्यांकडे पाहत म्हणाले. "तुझ्याकडेही आलं वाटतं ते." पण कोर्टात येऊन हेच सांगायला ते तयार झाले, आणि नेस्टरला तेवढं पुरे होतं.

खटला उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यांत लागला. त्या दिवशी नेस्टर काळ्या गाडीतून आला आणि ती सरळ कोर्टाच्या दारात लावली. गावात खळबळ उडाली. पशुखाद्याच्या दुकानदाराला तर अपमान झाल्यासारखं वाटलं. त्याने पोती आधीच हलवून ठेवली होती.

कंपनीचे वकील प्रेस्कॉट हॅडली न्यू ऑर्लिन्सहून आले होते. सूट असा की त्याला घडी पडायची भीती वाटावी. त्यांच्याबरोबर ह्यूस्टनची एक बाई होती. ज्यूरीत घ्यायच्या माणसांचे चेहरे पाहून ती त्यांची मनं ओळखते, म्हणे. ती क्लोव्हिसच्या दुकानात नाश्त्याला आली तेव्हा क्लोव्हिसने तिला आपलं मन ओळखायला सांगितलं. त्याचं बूदँ तिने अर्धं टाकलं. क्लोव्हिस म्हणाला, ओळखलं असणार.

ज्यूरीसाठी परगण्यातून लोक बोलावले होते. मलाही आलं होतं बोलावणं. मी न्यायाधीश गिलबो यांना सांगितलं की मी नेस्टरच्या घरी गम्बो खाते. त्यांनी मला घरी पाठवलं आणि जाता जाता विचारलं, कोळंबीचा का? मी घरी न जाता मागच्या बाकावर बसले.

नेस्टर लोकांपुढे उभा राहिला. हातात कागद नाही. "दुकानात अंगावर काही पडलं म्हणून कोर्टात येणारे बहुतेक लोक लबाड असतात, असं इथे कुणाला वाटतं?" त्याने विचारलं आणि स्वतःचाच हात वर केला. हॅडलीसाहेब लिहायचे थांबले.

बराच वेळ कुणी हात वर करेना. मग शेवटच्या रांगेतून एक जाडजूड हात वर गेला. मिसेस ओलिये, कोंबड्या पाळणाऱ्या. "मला वाटतं. माझ्या मेहुण्याने तेच केलं. पाय घसरला म्हणाला आणि त्या पैशांत बोट घेतली."

"बोट कशी आहे?"

"बुडाली."

सगळं कोर्ट हसलं, आणि मग हात एकामागून एक वर जाऊ लागले. नेस्टर प्रत्येकाशी बोलला. कुणालाही खोडून काढलं नाही, उलट विचारलं, अजून काय वाटतं? माझ्या आठवणीत पहिल्यांदाच तो लोकांकडून टाळ्या नव्हे, म्हणणं ऐकून घेत होता. मिसेस ओलियेंना तो पहिल्याच फटक्यात बाद करणार असं आम्हाला वाटलं होतं. त्याने त्यांना ठेवलं. हॅडलींनीही ठेवलं, ह्यूस्टनच्या बाईने त्यांच्या नावापुढे खूण केली होती आणि ती गालात हसत होती.

एल्फेजने माझ्या पुढच्या बाकावरून वळून विचारलं, "मिस सेलेस्त, हा मला विकतोय का?"

"गप्प बस आणि हात बाहेर काढ," मी म्हणाले.

नेस्टरने पहिल्याच भाषणात तो फोटो, चांगला हातभर मोठा करून आणलेला, ज्यूरीसमोर लाकडी घोडीवर ठेवला. "हा एल्फेज. हा वस्तरा. ही दाढी अपघातानंतरची आहे. दर शनिवारी होते. तुम्हाला जे वाटलं ना आत्ता, तेच मलाही वाटलं होतं. ही दाढी कशी होते, ते खुर्चीत बसणारा माणूसच तुम्हाला सांगेल." हॅडलीसाहेबांनी भला मोठा पडदा आणि यंत्र आणलं होतं, त्याच फोटोसाठी. दिवसभर तो पडदा कोरा राहिला.

डॉक्टर येऊन गेले. मग नॉन्क ओनेसिम. त्यांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, आणि शपथ घेताना त्यांच्या लक्षात आलं की हे भलतंच झालं. हनुवटीवर ताजा कपटा होता.

"नॉन्क, हनुवटीला काय झालं?" नेस्टरने विचारलं.

"मांजर."

"कुठलं मांजर?"

"माझं."

"त्याचं नाव काय?"

नॉन्क ओनेसिमनी छताकडे पाहिलं. "ते बोलावल्यावर येत नाही. नाव ठेवून काय करू?"

"रंग?"

"मी त्याला अंधारातच पाहतो."

"तुमच्याकडे शिकारी कुत्रे आहेत ना? त्यांचं आणि मांजराचं कसं जमतं?"

"त्यांचं बोलणं नाही," नॉन्क म्हणाले.

ज्यूरीतला एक माणूस तोंडावर रुमाल धरून खोकू लागला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मिस्टर ओनेसिम, आपण शपथेवर आहात. आणि उपवासकाळ चालू आहे."

नॉन्क ओनेसिम घामाघूम झाले. एकीकडे देव, एकीकडे दोस्त. "जज्जसाहेब, मी आधी एल्फेजला विचारू का?"

"नाही."

"मग फादरना?"

"नाही!"

तेवढ्यात एल्फेज उभा राहिला. उभं राहायची परवानगी नव्हती. हॅडलीसाहेब हरकत घ्यायला उठले, पण एल्फेज त्यांच्या आधी बोलून गेला. "सांग, ओनेसिम. सांगून टाक. मी ऐकतोय."

न्यायाधीशांनी एल्फेजला बसवलं, दम दिला, ज्यूरीला ते वाक्य विसरायला सांगितलं. पण नॉन्क ओनेसिमना कुणी विसरायला सांगितलं नव्हतं. त्यांनी हनुवटीवरचा कपटा काढला आणि मुठीत धरला.

"एल्फेज कापतो," ते हळूच म्हणाले. आणि लगेच मोठ्याने, "पण त्यात माझी चूक आहे! मी हलतो. लिहून घ्या, मी हलतो!"

"मग तुम्ही दर शनिवारी जाता कशाला?"

"मी गेलो नाही तर त्याला कळेल ना, की आता जमत नाही."

 ज्या नेस्टरला शांततेची ॲलर्जी होती, तो खाली बसला. एल्फेजने मान खाली घातली नव्हती; त्याच्या उजव्या हाताने समोरचा लाकडी कठडा घट्ट धरला होता आणि कठडा बारीक वाजत होता.

हॅडलीसाहेब उठले. त्यांनी गोड आवाजात विचारलं, "काका, इतकं लागत असतं तर शहाणा माणूस पुन्हा गेला असता का? म्हणजे फार काही लागत नसणार."

"असं म्हणता?" नॉन्क ओनेसिम खुलले. "मग या शनिवारी तुम्ही या. माझी जागा घ्या. मी बाहेर उभा राहून कपटे धरतो."

हॅडलीसाहेबांचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडे गेला. अर्ध्यात त्यांच्या लक्षात आलं, पण ज्यूरीने पाहिलं होतं. "आणखी प्रश्न नाहीत," ते म्हणाले.

ज्यूरी आत गेली. नेस्टर व्हरांड्यात येरझारा घालत होता. त्याने उपवासकाळासाठी सिगार सोडली होती आणि आता ओदालीकडे तिची लिपस्टिक मागत होता, नुसती तोंडात धरायला. एल्फेज एकटा बाकावर बसला होता. गावातले बरेच जण आले होते, क्लोव्हिस, अर्लिन, पण त्याच्याजवळ जायचं धाडस कुणाला होईना. गम्बो खाताना काय बोललो ते प्रत्येकाला आठवत होतं. शेवटी क्लोव्हिसने कागदात गुंडाळलेलं बूदँ त्याच्याशेजारी ठेवलं आणि पळ काढला. त्या दिवशी उपवासकाळातला शुक्रवार होता, मांस वर्ज्य, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

ज्यूरी परत आली. पुढे मिसेस ओलिये. आमच्याकडे बारापैकी नऊ जणांचं एकमत पुरतं. मिसेस ओलियेंनी कागद वाचला: चूक दुकानाची, इजा खरी, आणि मत बाराच्या बारा जणांचं. किती रक्कम दिली ते मी लिहीत नाही. सेंट ओदीलमध्ये ती तशीही दर आठवड्याला वाढत गेली. हॅडलीसाहेबांनी नेस्टरशी हात मिळवला आणि ह्यूस्टनच्या बाईकडे न पाहता निघून गेले.

मिसेस ओलिये जाताना एल्फेजपाशी थांबल्या. "माझं मत बदललेलं नाही," त्या म्हणाल्या. "बहुतेक लोक लबाडच असतात. तुम्ही नाही." आणि त्याचा उजवा हात धरून शेतकरी बाया हलवतात तसा गदागदा हलवला, त्यामुळे त्या वेळी नेमका कोण थरथरत होता ते कुणाला कळलं नाही.

ईस्टरच्या मिस्सा-प्रार्थनेला चर्च खचाखच भरलं होतं. लांब दांड्याची दानाची टोपली रांगारांगांतून फिरवायचं काम पूर्वी एल्फेजचं होतं. डबे पडल्यापासून त्याने ते सोडलं होतं. त्या दिवशी त्याने ती टोपली आपणहून भिंतीवरून काढली. नाणी पडू लागली आणि टोपली खुळखुळायला लागली, एखाद्या मुलाच्या हातातल्या खुळखुळ्यासारखी. अर्लिनने ऑर्गनचा आवाज वाढवला, पण खुळखुळाट त्याच्यावरूनही ऐकू येत होता. सुरुवातीला माना खाली गेल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका पोराला तो नाद इतका आवडला की त्याने आईच्या पर्समधली सगळी सुटी नाणी टाकली. कुणीतरी हसलं. एल्फेजही हसला, आणि मग अख्खं चर्च हसलं, फादरसुद्धा.

टोपली नेस्टरपाशी आली. त्याने खटल्यातल्या विजयाला शोभेल अशी एक मोठी नोट, सगळ्यांना दिसेल इतकी उंच धरून, हळूच आत सोडली.

टोपली पुढे सरकली नाही. एल्फेज तिथेच उभा राहिला.

"नाणं टाक, नेस्टर," तो म्हणाला. "नोटेचा आवाज होत नाही."

नेस्टरने खिसे चाचपले. सुटं नव्हतं. ओदालीने पर्स उघडली आणि त्याच्या तळहातावर पेनीचं एक नाणं ठेवलं.